रूमीला सांगायचं राहिलं

ट्यूनिस,
१४ एप्रिल १९९३

तिजानीमामा, सलाम.

पत्राला उत्तर द्यायचं म्हणजे तुमच्या जिवावर येतं, हे साऱ्या खानदानाला ठाऊक आहे. पण या वेळी आळस केलात तर मी स्वतः ऐन मर्वानला येऊन तुमच्या मिशा उपटीन. गंमत करत नाही.

आईबद्दल लिहायचंय. रोजे चालू असताना ती न्हाणीघरात पडली, ते तुम्हाला कळवलंच होतं. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून तिचं मन मागे मागे चाललंय. मला ओळखते, मोख्तारला ओळखते, आणि मधेच एकदम वरच्या जुन्या गावात जाऊन पोहोचते. शेळ्या आल्या का विचारते, झऱ्यावर कोण गेलंय विचारते. डॉक्टर म्हणाले, वय आहे, बोलू द्या. मीही बोलू देते.

पण काल आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो, तेव्हा हात थांबवून ती म्हणाली, ‘रूमीला पाणी दिलं का गं कुणी?’

मी विचारलं, ‘कोण रूमी?’

‘माझा रूमी,’ म्हणाली, आणि अशी हसली की काय सांगू! मला अडतीस वर्षं झाली मामा, आईला असं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. मग माझ्यापुढे दाणे धरत म्हणाली, ‘त्याला एक सांगायचं राहिलंय.’

आता आपल्याकडे रूमी म्हणजे कोण, हे मी तुम्हाला सांगायला नको. जो गोरा तो रूमी. मग हा कोणता गोरा? आई तर लग्न होऊन शहरात आली तेव्हा जेमतेम पंधराची. तुम्ही तिचे धाकटे भाऊ, तिच्याबरोबर वाढलात. खरं काय ते लिहा. मामींना आणि पोरांना सलाम.

तुमची,
दलेंदा

•

नवं ऐन मर्वान,
२२ एप्रिल

दलेंदा पोरी, मामाचे आशीर्वाद.

मिशांना हात लावशील तर खबरदार, आता तेवढ्याच काळ्या उरल्यात! तुझी मामी म्हणते, चहाच्या टपरीवरून फोन कर. मी म्हटलं, त्या फोनवर ओरडून बोलायचं म्हणजे मशिदीच्या भोंग्यावरून घरच्या गोष्टी सांगण्यासारखं आहे. म्हणून लिहितोय.

तुझ्या पत्राने मला हसू आलं आणि रागही आला. रूमी म्हणे! वर टेकडीवर आम्ही राहत होतो तेव्हा तिथे एकच रूमी होता. उत्खननाचा साहेब. ‘मस्यू’ म्हणायचो आम्ही त्याला. आमची घरं त्या पुरातन खांबांत, त्या भिंतींना टेकून उभी होती. कुणाच्या बापजाद्यांनी केव्हा बांधली, देव जाणे. मस्यू आला आणि म्हणाला, ही तुमची घरं म्हणजे वर साठलेला कचरा आहे, तो काढला की खाली खरं शहर सापडेल. दोन पावसाळ्यांत आम्हाला खाली सडकेवर आणून बसवलं. तेच हे नवं गाव. नवं म्हणता म्हणता त्यालाही आता पोपडे सुटले.

त्या मस्यूला तुझी आई पाणी देईल? अगं, तिने त्याच्या टोपीत शेण भरून ठेवलं होतं! त्याने ती तशीच डोक्यावर घातली. आमचा बाप आठवडाभर माफी मागत हिंडत होता, आणि आमची आई चुलीपाशी तोंडात पदर कोंबून हसत होती.

तेव्हा डोक्यात भलतंसलतं आणू नकोस. म्हातारं माणूस बोलतं काहीबाही. तिला मेंढीचं सूप पाज.

तिजानी

•

ट्यूनिस,
२९ एप्रिल

मामा,

सूप पाजलं. दोन घोट घेऊन वाटी बाजूला सारली आणि म्हणाली, ‘आधी त्याला.’

तुम्ही हसा खुशाल. इथे माझी झोप उडालीय. आता ती रोज बोलते त्याच्याबद्दल. मी आडून आडून विचारते आणि ती सांगते, अगदी शेजारच्या माणसाबद्दल सांगावं तसं. त्याचे डोळे मोठे आहेत. डावा डोळा फुटलाय, पण त्याबद्दल त्याच्यासमोर बोलायचं नाही. ती त्याच्याजवळ जाऊन बसली की आजी ओरडायची, ‘ऊठ तिथून, कामाला लाग.’ आणि काल काय म्हणाली माहीत आहे? ‘दाढी ओली झाली की काय देखणा दिसतो गं!’

मी उठून आधी दार लावून घेतलं. मोख्तारने ऐकलं नाही, नशीब. ऐकलं असतं तरी तो हसला असता. जावयांना सगळंच हसण्यावारी नेता येतं.

तुमच्या मस्यूला दाढी होती का? डोळा फुटलेला होता का? तेवढंच सांगा.

दलेंदा

•

नवं ऐन मर्वान,
९ मे

दलेंदा,

मस्यूला दाढी नव्हती. डोक्यावर केसही नव्हते. डोळे दोन्ही शाबूत होते, नको तितके शाबूत.

ओली दाढी! पत्र वाचून मी उठून उभाच राहिलो. तुझ्या मामीने विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी नाही, माझी अब्रू चाललीय.

हे बघ, तू शाळेत शिकवतेस, शहाणी आहेस. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझी बहीण सोळा आणे सोनं. त्या काळी एक दाढीवाला पाद्री खेचरावरून डोळ्यांचं औषध वाटत यायचा, पण तो म्हातारा होता आणि आम्ही सगळी पोरं त्याच्या मागे मागे असायचो, त्यामुळे ते काही खरं नाही. मी उगाच लिहिलं. खोडणार होतो, पण कागद फाटला असता.

विषय इथेच संपव. मला पुन्हा विचारू नकोस.

तिजानी

•

ट्यूनिस,
१६ मे

मामा,

कसा संपवू विषय? तुम्हीच त्या पाद्र्याला दारात आणून उभं केलंत आणि आता मला म्हणता, बघू नकोस!

तुम्हाला वाटत असेल, पोरगी चोंबडी आहे. असू दे. पण मला काय डाचतंय ते ऐका. बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली. तुम्ही त्यांना ओळखत होतात. जुन्या शहरातल्या त्या अंधाऱ्या गाळ्यात आयुष्यभर चपला शिवल्या, आणि आईला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. आजारपणात ती नजरेआड झाली की दाराकडे बघत पडायचे. आणि आता आई जिवाच्या आकांताने कुणाला हाक मारते? बाबांचं नाव एकदाही नाही, मामा. एकदाही! तोंडात सारखा रूमी. मला बाबांची कीव येते, आणि आईचा राग येतो, आणि मग म्हाताऱ्या आजारी बाईवर रागावते म्हणून स्वतःची लाज वाटते.

शिवाय ती खात नाही. मनगटात बांगडी राहत नाही आता. मी भरवायला गेले की म्हणते, ‘मला घरी ने, त्याला सांगितलं की जेवते.’ काय सांगायचंय, ते मात्र मला सांगत नाही. तोंड फिरवून घेते.

जो कोणी असेल तो असू दे. मेला असेल तर त्याची कबर दाखवीन तिला. पण मला कळलं पाहिजे. तिची ती मैत्रीण, खाला मबरूका, अजून गावात आहे ना? तिला विचारा. माझ्यासाठी नाही, आईसाठी विचारा.

दलेंदा

•

नवं ऐन मर्वान,
६ जून

दलेंदा पोरी,

उशीर झाला. ईद होती, मेंढा होता, पाहुणे होते, आणि त्याच्या आधी मला थोडा विचार करायचा होता. आता बसून घे. उभ्याने वाचू नकोस.

गेलो खाला मबरूकाकडे. ती ठार बहिरी झालीय. गुपित विचारायचं तर गल्लीभर ओरडून विचारावं लागतं. दोनदा परत फिरलो. मग तुझ्या पत्रातली ती बांगडी आठवली आणि तुझ्या आईचं नाव घेऊन ओरडलो, ‘शेदलियाचा रूमी कोण?’ आजूबाजूच्या खिडक्या फटाफट उघडल्या. म्हातारी आधी माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. थांबेचना. डोळे पुसत म्हणाली, ‘अरे गाढवा, तान्हा होतास तेव्हा त्याच्या तोंडावर मुतला होतास तू!’

मी म्हटलं, हिचंही डोकं गेलं. पण ती म्हणाली, ‘जा वर. आपल्या घरी जाऊन बघ. आणि काळजी करू नकोस, पळून नाही जायचा तो, पाय नाहीत त्याला.’

वर जायचं नाही अशी मी शपथ घेतली होती. तुला माहीत आहे. आख्खी दुनिया बस करून ते अवशेष बघायला येते आणि मी खालून दाढी करताना आरशात ते खांब बघतो, तेवढंच. पण शपथेचा उपास सोडला आणि गेलो. फाटकावर फरजानी बसलेला. आपल्या सालाहच्या बायकोचा भाऊ.

‘तिजानीचाचा, तिकीट?’

‘माझ्या घरी जायला तिकीट?’

‘घरी कुणी असेल तर हाक मारा, दार उघडतील.’

फाजील आहे, पण आला बिचारा बरोबर. चढ होता, माझा हात धरला त्याने.

पोरी, मी काय सांगू! सगळं होतं आणि काहीच नव्हतं. त्या मोठ्या फरसबंद चौकात त्या पुरातन रूमी लोकांचे पुढारी म्हणे भाषणं ठोकायचे. आमचं ते खळं होतं. गव्हाच्या मळणीला असा दगड कुठे मिळायचा नाही. देवळात आम्ही शेळ्या बांधायचो आणि न्यायाधीशाच्या ओट्यावर लोकर वाळायची. आता झाडूनपुसून लख्ख. एक बाई फोटो काढत होती, तिने मला हाताने खूण केली, जरा बाजूला व्हा. मी झालो बाजूला. तिच्या फोटोत मी कशाला?

मला नेहमी राग यायचा, पण परवा राग आला नाही. नवल वाटलं. गल्लीच्या दगडांत गाड्यांच्या चाकांच्या खाचा आहेत, त्यात आम्ही गोट्या खेळायचो. परवा पहिल्यांदा मनात आलं, अरे, ही गाडी कुणाची होती? काय भरून चाललं होतं त्यात? ऑलिव्हचं तेलच असणार, दुसरं काय आहे आपल्याकडे. इथून तेल जायचं, तिकडून पैसा यायचा, पैशातून खांब उभे राहायचे. मग तेल जायचं थांबलं. माणसं एकाएकी निघून गेली असतील का? मला नाही वाटत. थोडी गेली असतील, थोडी राहिली असतील, आणि राहिलेल्यांनी देवळात शेळ्या बांधल्या असतील. कुणास ठाऊक, आम्हीच ते असू. मस्यू म्हणायचा, हे आमच्या पूर्वजांचं शहर आहे. त्यावर तुझी आजी म्हणायची, ‘घर सोडून गेलेल्यांचा नातू हजार वर्षांनी किल्ली मागायला आलाय. मग इतकी वर्षं झाडलोट कुणी केली रे?’

आपलं घर सापडलं. भिंती रूमींच्या तेवढ्या ठेवल्यात, आमच्या पाडल्यात. पण पायाला कळतं. मागच्या खोलीत गेलो तर खाली नुसतं सिमेंट.

फरजानीला म्हटलं, ‘ही फरशी अशी कशी?’

तो पाठ केलेलं म्हणून दाखवतो तसं म्हणाला, ‘इथे रंगीत खड्यांचं चित्र होतं. समुद्राच्या देवाचं तोंड. केसांत खेकड्याच्या नांग्या, दाढीतून मासे पोहतायत. डाव्या डोळ्याचे खडे निघालेले.’

दलेंदा, मी त्या सिमेंटवरच बसकण मारली. बागुलबुवा!

मी त्याला बागुलबुवा म्हणायचो गं! त्या खोलीत धान्याचे रांजण आणि तुझ्या आईचा माग. जमिनीवर चटई. झोपलो नाही की आई मला सांगायची, चटईखालचा नांगीवाला उठून येईल. एकदा कोपरा उचलून बघितलं, एक डोळा दिसला, आणि त्यानंतर मी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. शेदलिया मात्र दिवसभर तिथेच विणत बसायची, त्याच्याशी बडबडत. आणि सकाळी चटई गुंडाळून तांब्याभर पाणी ओतायची, कारण त्या खड्यांवर पाणी पडलं की मेलेले रंग जिवंत होतात. दाढी हिरवीगार व्हायची म्हणे. आमची आई कपाळावर हात मारायची, झऱ्यावरून डोक्यावर आणलेलं पाणी ही पोरगी जमिनीला पाजते!

आपली भाषाच ही अशी. कालच्या गोऱ्या साहेबाला रूमी म्हणतो, आणि दोन हजार वर्षांपूर्वी हे दगड रचून गेला त्या रोमनालाही रूमीच म्हणतो. तू माझी भाची, मी तुझा मामा, आणि दोघंही दाढीवाला गोरा शोधत बसलो. त्या बिचाऱ्या पाद्र्याची मी मनातल्या मनात क्षमा मागितली.

तिथे बसून मी बराच वेळ विचार केला. या गावातून समुद्र दिसत नाही. माझ्या बापाने मरेपर्यंत समुद्र बघितला नव्हता. मग कोण हा हौशी रूमी, ज्याने इथे डोंगरात घराच्या जमिनीवर समुद्र घालून घेतला? बायको तिकडची होती का त्याची? तिला करमत नव्हतं का? मला ते कळायचं नाही, आणि कळायचं नाही याचंच परवा गोड वाटलं.

आता महत्त्वाचं. मी फरजानीला विचारलं, ‘नेलं कुठे त्याला?’ तो म्हणाला, ‘राजधानीत. जुन्या राजवाड्यातल्या संग्रहालयात.’

म्हणजे तुमच्या गावात! तुझी आई लग्न होऊन तिथे गेली आणि तोही तिच्या मागोमाग तिथेच गेला. एवढी वर्षं दोघं एका शहरात, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही.

तिला काय सांगायचं राहिलंय ते मला माहीत नाही. ने तिला. आणि माझ्याकडून त्याला सांग, तान्हेपणीचं मनावर घेऊ नकोस.

तिजानीमामा

•

ट्यूनिस,
१३ जून

लाडक्या मामा, सलाम.

तुमचं पत्र मी बसून वाचलं आणि वाचून उभी राहिले. हसू, रडू, काय ते कळेना. मोख्तारला सगळं सांगितलं. तो हसला. हसू दे.

शुक्रवारी गेलो. आईला म्हटलं, रूमीला भेटायला जायचंय. तिने स्वतः उठून डोळ्यांत काजळ घातलं आणि अंगाभोवती लपेटायची पांढरी चादर काढायला लावली, ती चांगली, लग्नाकार्यातली.

तुम्ही कधी गेला नाहीत ना तिथे? भिंती छतापर्यंत त्या चित्रांनी भरल्यात. शिकारी, द्राक्षं, घोडे, बायका. आई माझा दंड धरून चालत होती, कुठेच थांबेना. मधे एकदा मान वर करून म्हणाली, ‘एवढ्या लोकांच्या जमिनी भिंतीवर का टांगल्यात गं?’ मी शाळेत इतिहास शिकवते, मामा. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मग तो दिसला. खाली पाटीवर आपल्या गावाचं नाव होतं. मी वाचायच्या आधीच आई थांबली होती. मला वाटलं आनंद होईल. कसलं काय! तिचा चेहरा उतरला.

‘याला उभा कुणी केला?’

मी काहीतरी बोलले, लोकांना दिसावा म्हणून केलाय.

‘अगं, दमला असेल! आडवा असायचा तो. एवढी वर्षं उभा आहे?’ आणि पहारेकऱ्याकडे वळून असं झापलं त्याला, जणू घरातल्या म्हाताऱ्याचे हाल केलेत त्याने. तो बिचारा गोंधळला. मग तिने पाणी मागितलं. माझ्या पिशवीत बाटली होती. पहारेकरी म्हणाला, ‘नाही आजी, हात लावायचा नाही.’

‘तू कुणाचा रे?’ आईने विचारलं.

‘बेजाकडचा.’

‘मग तुमच्या शेतातही अशाच जमिनी असतील. तुझी आजी काय करायची त्यांचं?’

त्याने जरा इकडेतिकडे बघितलं आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. आईने चादरीचं टोक भिजवलं. तिचा हात दाढीपर्यंतच पोहोचला, त्याच्या वर नाही. तिने हळूच पुसलं. आणि मामा, खरंच! एवढासा तुकडा ओला झाला आणि हिरवा असा काही वर आला, मला पाण्यातला मासा हललासा वाटला. फुटका डोळा तसाच आहे. त्याला काही आपल्याकडे बघायची सक्ती नाही, पण मला तो आईकडेच बघतोय असं वाटलं.

मग ती त्याच्याशी बोलली. घरातल्या वडीलधाऱ्याला सांगावं तसं, खालच्या आवाजात. मी मागे होते, मला सगळं ऐकू आलं.

म्हणाली, ‘मला शहरात देतायत म्हणून रडत होते ना तुझ्यापाशी? कसला माणूस असेल, मारेल का, उपाशी ठेवेल का. दुसऱ्या दिवशी खेचरावर बसवलंच मला. तुला कळवायचं राहून गेलं. काळजी करत असशील.’

 त्याच्या दाढीवर हात तसाच होता.

‘चांगला निघाला रे. फार चांगला निघाला.’

एवढं सांगून झालं आणि ती वळली. मला म्हणाली, चल, भूक लागली. घरी येऊन मासळीचा कुसकुस पोटभर खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणाली.

मी इतके दिवस काय काय मनात आणलं होतं, ते आता लिहवत नाही. तुम्हाला सगळं कळवलं, कारण कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. ज्यांनी हे ऐकायला हवं होतं ते गेले, मामा. आयुष्यभर चपला शिवत बसले, आणि हे त्यांच्या कानावर कधी पडलं होतं की नाही, कोण जाणे.

तुमची,
दलेंदा